पितृपंधरवड्यातले दुपारचे खेळ

सर्वपित्री अमावास्येच्या दुपारी भिंगारच्या टॉकीजमध्ये पहिला खेळ संपला आणि बाबा बाहेर गेले. दुसरा खेळ सुरू झाला तेव्हा ते आलेले नव्हते. तो संपला तेव्हाही नव्हते. त्यानंतर ते आले नाहीत.

याला सदतीस वर्षं झाली.

यंदा पक्ष लागला त्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, ते जुनं टॉकीज पाडायला काढलंय. मी नगरमध्येच राहते, भिंगार रिक्षाने वीस मिनिटांवर. तरी भिंगार सोडल्यापासून त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. कॉलेजच्या लायब्ररीतून दुपारी लवकर निघाले आणि गेले. पत्रे उतरवले होते, खुर्च्या कधीच गेल्या होत्या, तीन बाजूंच्या भिंती विटांचे ढीग होऊन पडल्या होत्या. पडद्याची भिंत मात्र उभी होती. आमच्या टॉकीजला कापडी पडदा नव्हताच. भिंतीलाच पांढरा गिलावा होता आणि भोवती हातभर रुंदीची काळी चौकट. आता तिच्यावर उघडं ऊन पडलं होतं आणि शेजारच्या लिंबाची सावली हलत होती. जेसीबीच्या सावलीत भाकरी खात बसलेला माणूस म्हणाला, "काय पायजे बाई?"

"काही नाही. बघते."

"आता काय ऱ्हायलंय बघायला? पिक्चर संपला की." तो हसला. मीही हसल्यासारखं केलं.

भिंतीजवळ गेले तर वास आला. ओल्या चुन्याचा, वटवाघळांचा, आणि या दोन्हींच्या खालून जळक्या कार्बनचा. मशीनच्या खोलीत दोन कांड्या एकमेकींसमोर जळायच्या आणि त्यांच्या उजेडात चित्र पडद्यावर यायचं. तो धूर इतकी वर्षं भिंतीत टिकला असेल असं काही मी मानत नाही. पण वास आला.

पितृपक्षात नवं पिक्चर लागत नाही. नवं कापड कुणी घेत नाही, नवं घर कुणी बघत नाही, तसं नवं पिक्चरही कुणी आणत नाही. त्या पंधरा दिवसांत टॉकीज ओस पडे. मग टॉकीजचे मॅनेजर गफूरभाई कुठूनतरी जुनी इंग्रजी भुताची पिक्चरं आणत, काळी-पांढरी, छावणीत गोऱ्यांचा मुक्काम होता त्या काळातली. रोज दुपारी तीन वाजता, एका तिकिटात दोन खेळ. सात-आठच पिक्चरं होती, तीच दरवर्षी फिरून येत. रिळांवर इतके ओरखडे होते की पडद्यावर सतत पाऊस पडे, बंद खोलीतल्या दृश्यातसुद्धा.

लष्करातले जवान येत, बाजारातले हमाल येत, आठवडी बाजाराला आलेले शेतकरी एसटीची वेळ होईपर्यंत येऊन बसत. इंग्रजी कुणालाच कळत नसे. म्हणून गफूरभाईंनी बाबांना गाठलं. बाबा हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत. पडद्याच्या डाव्या हाताला एक स्टूल, एक माइक आणि लाल कागद गुंडाळलेला छोटा दिवा. तिथे उभं राहून बाबा चाललेलं पिक्चर मराठीत सांगत.

"सर, तुम्हारे पितरां घर में खीर खाते," गफूरभाई दरवर्षी म्हणत, "ये साब लोगां के पितरां किधर जाएंगे? इधरच आते."

आईला हे आवडत नसे. "घरात पितरं जेवायला यायची आणि तुम्ही तिकडं भुतं नाचवा," असं ती म्हणे. पण तीनच्या आत त्यांच्या सदऱ्याला इस्त्री झालेली असे.

मी दहा वर्षांची असल्यापासून बाबांबरोबर जात होते. बायकांच्या बाकांवर, भिंतीकडेला माझी जागा. पंख्यांची कुरकुर, भाद्रपदाच्या उन्हाने तडतडणारे पत्रे, हातांना लागलेला दुपारच्या वड्यांचा वास. आणि मधूनच रेंजवरून येणारा तोफांच्या सरावाचा आवाज, पोटात कुणीतरी दार लोटावं तसा. तो पिक्चरमधला नाही हे नव्या माणसाला कळत नसे.

बाबा शब्दाला शब्द सांगत नसत. त्यांच्या सांगण्यात किल्ल्याची गढी होई, सरदाराचा इनामदार. "हा इनामदार दिवसभर पेटीत झोपतो आणि रात्री उठतो," ते शांतपणे सांगत. "दिवसा झोपणारे इनामदार आपल्याकडेही आहेत. ते रात्रीही उठत नाहीत, म्हणून आपण वाचलो." सगळं टॉकीज हसे. मग पडद्यावर पेटीचं झाकण सरके आणि हसू जागच्या जागी थांबे.

लोक त्यांच्याशी बोलत. "ओ सर, त्या बाईला सांगा ना मागं बघ म्हनून!"

"सांगितलं असतं. तिला मराठी येत नाही."

"सर, ह्यो मेलेला हाय का जिता?"

"अजून ठरलेलं नाही. बसा खाली."

मला सगळं पाठ झालं होतं. घरी भांडी घासताना मी बाबांच्या आवाजात ते पुटपुटत असे. वाक्याच्या शेवटी ते आवाज खाली कसा सोडतात, किंचाळीच्या आधी किती वेळ गप्प राहतात. माइकसमोर कधी उभं राहायला मिळेल, हा विचार माझ्या मनात कितीदा आला असेल ते मी आज लपवत नाही.

शेवटच्या वर्षी बाबा कमी बोलत होते. मी अकरावीत होते. मला ते कळत होतं, पण कळण्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. एका पिक्चरमध्ये एक बाई खिडकीबाहेरच्या माणसाला काहीतरी विचारते. दरवर्षी बाबा तो प्रश्न सांगत. त्या वर्षी गप्प राहिले. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, काय म्हनली ती?"

"मला ऐकू आलं नाही," बाबा म्हणाले.

घरी ते मागच्या दारात उभे राहून तोफांचे आवाज मोजत. समोर, पाथर्डीच्या रस्त्याच्या अंगाला, चांदबिबीच्या महालाचा डोंगर दिसे. त्या पंधरवड्यात ढग त्याच्या माथ्यावर बसून होते, पाऊस मात्र पडत नव्हता. ओढ्याला वरच्या अंगाच्या पावसाचं गढूळ पाणी आलं होतं. संध्याकाळी कावळे आमच्या पत्र्यावर यायचे आणि घास ठेवलेला नसला तरी बसून राहायचे.

अमावास्येला सकाळी त्यांनी पितर घातले. ओल्या अंगाने गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा घास टाकला. आगारीचा धूर घरभर झाला. जेवले, अर्धी वाटी खीर ठेवली. अडीचला आम्ही दोघं निघालो. वाटेत ते काहीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही. आम्ही नेहमीच फारसं बोलत नसू, म्हणून त्यात वेगळं काही नव्हतं.

पहिला खेळ त्यांनी नीट सांगितला. विनोदसुद्धा केले. दिवे लागल्यावर रुमालाने मान पुसली, माइकचं बटण बंद केलं आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले. माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला आठवत नाही. सदतीस वर्षं आठवून पाहते आहे. पाहिलं असेल असं कधी वाटतं, कधी नाही.

शेंगदाणेवाला फिरून गेला. घंटा झाली. दिवे गेले. पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि स्टूल रिकामं होतं. शिट्ट्या सुरू झाल्या. "सर! ओ सर! आवाज!" गफूरभाई बॅटरी घेऊन माझ्यापाशी आले.

"बेटी, सर किधर?"

मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "येतायत. तोवर मी सांगते."

मी उठले, स्टुलापाशी गेले आणि बटण दाबलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला ते हवं होतं.

अमावास्येचा दुसरा खेळ दरवर्षी तोच असे. समुद्रकाठी एक घर. नवऱ्याची होडी परतलेली नाही. बायको रोज संध्याकाळी टेबलावर दोन ताटल्या मांडते. पाहुणे येतात, डॉक्टर येतो, पाद्री येतो, सगळे सांगतात की आता एकच ताटली मांड. ती ऐकत नाही. मी सांगत गेले, बाबांचं एकेक वाक्य, त्यांच्याच चढउतारासह. दहा मिनिटांत शिट्ट्या थांबल्या. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "सरांची पोरगी सरांच्या वरताण निघाली." माझ्या छातीत काहीतरी उमललं. त्या तासाभरात मी बाजूच्या दाराकडे एकदाही पाहिलं नाही.

मी बोलले नसते तर खेळ बंद पडला असता. खेळ बंद पडला असता तर दीड-दोनशे माणसं बाहेर आली असती आणि सर कुठायत म्हणून शोधायला लागली असती. अजून ऊन होतं. हे मला नंतर कुणी सांगितलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते माझ्या एकटीच्या लक्षात आलं.

त्या पिक्चरच्या शेवटी दारावर थाप पडते. बाई उठते. बाबा तिथे नेहमी थांबत. म्हणत, "इथून पुढचं मी सांगणार नाही. ज्याचं त्यानं बघावं." मीही तेच म्हणाले आणि गप्प झाले. टॉकीजमध्ये श्वास ऐकू येत होते. बाईने कडी काढली आणि त्याच क्षणी आमच्या टॉकीजचं मागचं दार उघडलं. उजेडाचा पट्टा आत आला आणि त्यात एक बाई उभी होती.

सगळे किंचाळले. मग ओळखून हसायला लागले. एक जवान म्हणाला, "माताजी, जान निकाल दी."

ती आई होती. अनवाणी, हाताला पीठ. तिकिटाच्या खिडकीवर गफूरभाईंनी भोंगा लावला होता, आतल्या किंचाळ्या बाजारात ऐकू जाव्यात आणि गिऱ्हाईक यावं म्हणून. आमचं घर मागच्याच गल्लीत. आईला दरवर्षी घरबसल्या बाबांचा आवाज येत असे. आज दुसऱ्या खेळात तिला माझा आला. थोडा वेळ तिने वाट पाहिली आणि मग ती हातातलं टाकून आली.

बाकांमधून चालत ती माझ्यापर्यंत आली. "हे कुठायत?"

सगळं टॉकीज माझ्याकडे पाहत होतं. माइक चालू होता.

"बाबांनीच सांगितलं," मी म्हणाले, "की दुसरा खेळ तू सांग. मला थोडं काम आहे. येतो म्हणाले."

भोंग्यावरून ते बाजारभर गेलं.

संध्याकाळी चौकीत लिहून घेतलं: मुलीला सांगून गेले. मुलीला सांगून गेलेल्या माणसाला विहिरीत शोधत नाहीत. ओढ्याच्या काठाने कुणी बॅटऱ्या घेऊन फिरत नाही. तो कुठेतरी गेलेला असतो, आणि गेलेला माणूस येतो. दुसऱ्या दिवशी नवरात्र बसलं. पक्ष संपला म्हणून टॉकीजला नवं रंगीत पिक्चर लागलं आणि भोंग्यातून गाणी वाजायला लागली.

महिन्याभराने आत्याच्या गावचा एक माणूस सांगत आला की सर तिसगावच्या बाजारात दिसले, खताच्या दुकानापाशी, अंगात पांढरा सदरा. आत्या म्हणजे बाबांची बहीण, तिचं गाव तिसगावजवळ. त्यानंतर वर्षभर प्रत्येक बाजाराला आई पाथर्डीची एसटी पकडून तिसगावला उतरायची आणि आत्याला घेऊन त्या दुकानासमोर उभी राहायची. संध्याकाळी परत यायची. पायांवर धूळ, पिशवीत कोथिंबिरीची जुडी, कारण रिकाम्या हाताने घरी येऊ नये.

बारा वर्षं झाली तेव्हा भाऊबंद घरी आले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"पोरीला सांगून गेलेला माणूस मेला कसा?" ती म्हणाली.

मी आत लाल भोपळा चिरत होते. चिरत राहिले.

तिला सांगायची संधी मला किती वेळा आली याचा हिशोब लावण्यात अर्थ नाही. रोज आली. रोज ती देवापाशी दिवा लावताना दार उघडं ठेवायची, आणि रोज मी ते पाहायचे. एखादं वाक्य फार दिवस न बोललेलं राहिलं की ते घरातल्या माणसासारखं होतं. त्याच्यासाठी जागा सोडून आपण चालायला शिकतो.

गेल्या वर्षी चैत्रात आई गेली. शेजारच्या बायका जमल्या आणि त्यांच्यातली एक माझ्या कानाशी येऊन हलकेच म्हणाली, "कसं करायचं? हिरवं नेसवायचं का?" सवाष्ण गेली तर हिरवं लुगडं, हिरवा चुडा, ओटी. नाहीतर पांढरं. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, हिरवं. ते खोटं मी दुसऱ्यांदा बोलले.

पहिलं वर्ष पितरांत धरत नाहीत. यंदाचा तिचा पहिला पक्ष. सवाष्ण गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला वाढतात, नवरा हयात असेपर्यंतच. म्हणून अष्टमीला आत्या एसटीने आली. वय पंच्याऐंशीच्या पुढे, कंबरेत वाकलेली, पिशवीत शेतातली गवार आणि कारली. जेवणं झाल्यावर आम्ही दोघी गवार निवडायला बसलो.

"उद्या अहेव नवमी," आत्या म्हणाली. तिच्याकडे तसं म्हणतात. "तुझ्या आईचं पान उद्या वाढायचं म्हंजी माझा दादा हाय असं धरून चालायचं. नव्वदी गाठली असती त्यानं. हाय का गं त्यो? तुला काय वाटतं? तुलाच सांगून गेल्ता."

मी हातातली शेंग खाली ठेवली.

"आत्या, बाबा मला काही सांगून गेले नव्हते."

"काय?"

"काहीच बोलले नव्हते. नुसते उठून गेले. आईने सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मला माइक सोडायचा नव्हता. ते कळेल म्हणून बोलले."

आत्याचे हात थांबले. बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली, लांब गेली.

"सदतीस वर्सं?"

"हो."

"आईला?"

"नाही सांगितलं."

आत्याने गवार बाजूला सारली. मग म्हणाली, "त्या खताच्या दुकानाम्होरं मी किती उभी ऱ्हायले तिच्यासंगं. उन्हात. दुकानदार म्हनायचा, मावश्या, सावलीत तरी बसा. एकदा तरी म्हनायचं हुतंस पोरी." तिचा आवाज वर चढला नाही. "आमी हिरीत बघितलं न्हाई. वढ्यात बघितलं न्हाई. वढ्याला पानी हुतं त्या वर्सी. माझा सख्खा भाऊ, आन् आमी त्याला बाजारात हुडकत बसलो."

मी माफी मागितली नाही. ती रडेल असं मला वाटलं. रडली नाही. पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा गवार ओढली.

"आता काय करू?" मी विचारलं.

"आता काय करतीस. उद्याची नवमी कर. ती अहेव म्हनून गेली, तर एकदा तरी अहेव म्हनून जेवू दे तिला. सवाष्ण सांग कुनी. हिरव्या बांगड्या भर तिला." शेंगेचा दोर तिने ओढून काढला. "आन् अमुशाला त्याचं पान वाढ."

"एकाच पक्षात दोन्ही? चालतं?"

"न्हाई चालत. पर न वाढून दोगं उपाशी हायती, त्ये चालतंय व्हय?"

नवमीला शेजारची सवाष्ण जेवली. तिला साडी नेसवली, बांगड्या भरल्या, ओटी भरली. आईच्या फोटोसमोर पान वाढलं. आत्या जेवली नाही, पण वाढायला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. जाताना मी पाया पडले तर डोक्यावर हात ठेवला. एसटी हलल्यावर मात्र खिडकीतून पाहिलं नाही.

अमावास्येला मी पहाटे उठून स्वयंपाक केला. भात, कढी, वडे, खीर, भोपळा, गवार, अळू, आमसुलाची चटणी. गॅलरीत घमेल्यात गोवरी पेटवली. इमारतीतले पाच जण जेवायला सांगितले होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी पानावर बसताना सहज विचारलं, "कुणाचं आज?"

"वडिलांचं."

"कधी गेले?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "भिंगारला गेले."

त्यांनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली. मी निखाऱ्यावर तूप सोडलं, घास टाकला, बाबांचं नाव घेतलं. ते नाव त्या कामासाठी आमच्या घरात पहिल्यांदाच घेतलं गेलं. धूर झाला. डोळ्यांत गेला. मी तो जाऊ दिला.

नवरा गेला की नवमी बंद होते. पुढच्या वर्षीपासून आईची नवमी नाही. अमावास्येला दोन पानं.